निविदेत चार ओळी वाढवा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळांच्या संगणक कक्षांतील मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे परवाने आणि खरेदीच्या अटी

महोदय,


१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि दहा-बारा वर्षांपूर्वी शाळांत आलेल्या संगणकांत ती बहुधा नसते. आता शाळाशाळांतून आपल्या खात्याकडे एकच मागणी येणार : जुने निर्लेखित करा, नवे द्या. त्यातले बरेच संगणक अजून पाच वर्षे सहज चालतील, आणि ते चालवण्याचे साधन फुकट उपलब्ध आहे. पण ते साधन शाळेत कोणत्या अटीवर येते, हे खरेदीच्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते. त्यासाठी हे पत्र.

मी देवळाली प्रवरेत संगणक दुरुस्तीचे काम करतो. देवळाली म्हटले की बाहेरच्यांना नाशिकचा लष्करी कॅम्प आठवतो. ही ती नव्हे. ही राहुरी तालुक्यातली, उसाच्या पट्ट्यातली. राहुरी फॅक्टरी, राहुरी, कृषी विद्यापीठाचा परिसर आणि आसपासची गावे एवढा माझा टापू. या टापूतल्या शाळांमध्ये संगणक मरतो तो बहुधा हार्ड डिस्कने. वीज अचानक जाते, परत येते, पुन्हा जाते. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली असते. मग एके दिवशी काळ्या पडद्यावर ओळ उमटते : पीएक्सई-ई६१, मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल. बाई वायर शोधू लागतात. वायर तर लावलेलीच नसते आणि खरे दुखणे डिस्कचे असते. डिस्क सापडली नाही म्हणून संगणक नेटवर्कवर कुणी वाली आहे का, ते पाहत असतो.

त्याला तिथे वाली मिळवून देता येतो. डिस्क नसलेला संगणक नेटवर्कवर हाक देतो, सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि कोणती फाइल उचलायची ते सांगतो. ती छोटी फाइल आली की ती पुढची मोठी प्रणाली ओढून घेते आणि संगणक सुरू होतो. या पद्धतीचे पीएक्सई हे मानक इंटेलने १९९९ मध्ये ज्या स्वरूपात मांडले, ते आजही जवळपास प्रत्येक संगणकात बसवलेले असते. वर्गात एक बरा सर्व्हर, एक गिगाबिट स्विच आणि बाकी सगळी डिस्क नसलेली जुनी खोकी एवढ्यावर कक्ष चालतो. मूळ प्रणाली सर्व्हरवर फक्त वाचण्यापुरती असल्याने वीज गेली तरी वर्गातल्या संगणकाचे बिघडण्यासारखे काही उरत नाही. यूपीएस लागतो तो सर्व्हरला आणि स्विचला.

हे करणारी सॉफ्टवेअर नावानिशी सांगतो, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यांच्याच परवान्यांचा आहे. संगणक सुरू करून देणारी ती छोटी फाइल बहुधा आयपीएक्सईची असते. सर्व्हरवर पत्ते वाटायला डीएनएसमास्क. अख्खा कक्ष बांधणारा एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, १९९९ पासूनचा. आणि मुळाशी लिनक्सचा कर्नल. ही सगळी मंडळी जीपीएल, म्हणजे जनरल पब्लिक लायसन्स, या परवान्याखाली येतात. कुणी त्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली, कुणी तिसऱ्या. दुसरी १९९१ ची, तिसरी २००७ ची.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका शाळेत एका कंत्राटदार कंपनीने असा कक्ष उभा केला होता. काम चांगले केले होते, हे मान्य केले पाहिजे. संगणक सुरू केला की वर कंपनीचे नाव यायचे आणि त्याखाली बारीक अक्षरांत आयपीएक्सईची ओळ : ओपन सोर्स नेटवर्क बूट फर्मवेअर. त्यानंतर मराठीत मेनू, इयत्तेप्रमाणे. पोरे बोट ठेवून आपली इयत्ता निवडायची. करार संपला, कंपनी गेली, आणि काही महिन्यांनी सर्व्हरचे नेटवर्क कार्ड गेले. नवे कार्ड टाकले, पण सेटिंग बदलायला पासवर्ड हवा होता आणि तो शाळेकडे नव्हता. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की ते आमचे मालकीचे सॉफ्टवेअर आहे. पासवर्ड देता येत नाही, नवा करार करा. मुख्याध्यापकांना ते पटलेही. कंपनीचे नाव रोज पडद्यावर दिसत होते, मग माल कंपनीचाच असणार!

त्या खालच्या बारीक ओळीचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे तिसरे कलम सांगते की चालवण्याजोगी प्रत दुसऱ्याला देणाऱ्याने एकतर तिचा सोर्स कोड सोबत द्यावा, नाहीतर मागेल त्याला तो देण्याची लेखी हमी द्यावी, किमान तीन वर्षांची. सहावे कलम सांगते की घेणाऱ्यावर तुमच्या पदरच्या आणखी अटी लादता येणार नाहीत. कंपनीने सेवेचे पैसे घेतले, बसवण्याचे घेतले, त्यात वावगे काही नाही. परवाना त्याला हरकत घेत नाही. हरकत आहे ती ‘हे आमच्या मालकीचे’ म्हणण्याला.

आम्ही शेवटी सर्व्हर नव्याने उभा केला. मूळ सॉफ्टवेअर इंटरनेटवर मोफत होते, म्हणून ते जमले. कंपनीने केलेले बदल, तो मराठी मेनू आणि इयत्तांची मांडणी मात्र गेली ती गेलीच. ज्याचा सोर्स कोड परवान्याने शाळेच्या हाती यायला हवा होता, नेमके तेच आले नाही.

आपण म्हणाल, मग शाळेने कोर्टात जावे. अडचण तिथेच आहे. परवान्याची अट मोडली, तर दाद मागण्याचा पहिला हक्क त्या सॉफ्टवेअरच्या लेखकांचा. ते जगभर पसरलेले. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल बंधनकारक असल्याचे मानले, पण तिथे दावा खुद्द एका लेखकाने केला होता. विकत घेणाऱ्यालाही स्वतंत्र हक्क आहे का, या मुद्द्यावर अमेरिकेत सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने २०२१ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला. राहुरी तालुक्यातल्या मुख्याध्यापकाने या वाटेने जावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे थट्टा झाली. पण तोच हक्क निविदेच्या अटीत लिहिला, तर तो साधा कराराचा हक्क होतो. अट मोडली की शेवटचा हप्ता अडवता येतो. हप्ता अडवणे प्रत्येक मुख्याध्यापकाला जमते.

म्हणून पहिली ओळ : कक्षात बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि परवाना यांची यादी सहीनिशी द्यावी. कंत्राटदार याला फार किचकट म्हणेल. तसे म्हणण्यात अर्थ नाही. आयपीएक्सईच्या प्रत्येक सोर्स फाइलमध्ये तिच्या परवान्याची एक ओळ असते, आणि फाइल तयार करताना नावापुढे परवाना विचारणारी शेपटी जोडली की त्या सगळ्या ओळी गोळा होऊन तयार फाइलचा एकूण परवाना पडद्यावर येतो. एका आज्ञेचे काम.

दुसरी ओळ सोर्स कोडची. तीन वर्षांची हमी नको, कोड सोबतच हवा. बदलांसह आणि डिस्कवर. शाळांना संगणक कक्ष देणाऱ्या पूर्वीच्या आयसीटी योजनेत कंत्राटदार पाच वर्षे कक्ष चालवून मग शाळेच्या ताब्यात देत असे. अशा व्यवहारात प्रत शाळेला ‘दिली’ कधी, पहिल्या दिवशी की पाचव्या वर्षी, हाच वादाचा मुद्दा होऊ शकतो. पाचव्या वर्षी कंत्राटदाराचे लक्ष पुढच्या तालुक्यातल्या निविदेवर असते. निविदेत ‘कक्ष सुरू होण्याच्या दिवशी’ असे लिहिले, की वाद संपला.

इथे एक बारकावा आहे, आणि तो कंत्राटदाराच्या बाजूचा आहे. आयपीएक्सईच्या लेखकांनी जीपीएलच्या जोडीला आणखी एक परवाना दिलेला आहे. सोर्स कोड आधीच सर्वांसाठी खुला असेल आणि त्यात काही बदल न करता तयार केलेली फाइल कुणी पुढे दिली, तर प्रत्येक वेळी सोबत कोड देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. हे व्यवहाराला धरूनच आहे. पण बदल केला की ही सवलत संपते आणि जीपीएलच्या नेहमीच्या अटी लागू होतात. तेव्हा ‘काही बदललेले नाही’ असे म्हणणाऱ्या कंत्राटदाराकडून तेवढे लेखी घ्यावे. शिवाय ही सवलत आयपीएक्सईपुरती; कर्नलला ती लागू नाही.

तिसरी ओळ पासवर्डची. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड आणि सेटिंगच्या फाइली पहिल्या दिवसापासून मुख्याध्यापकांच्या कपाटात, बंद लखोट्यात. याला परवान्याचे कायदेशीर पाठबळ पुरेसे नाही, हे स्पष्ट सांगतो. जीपीएल कुणाला पासवर्ड द्यायला लावत नाही. म्हणून तर ती अट निविदेतच हवी.

आता लेखापरीक्षणाकडे येतो, कारण शाळा नव्या वाटेला जायला घाबरतात ते खरे तर त्याच्या धाकाने. ऑडिटमध्ये विचारतात, या सॉफ्टवेअरचे बिल कुठे? बिल नाही. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये किमतीच्या रकान्यात काय लिहायचे? शून्य. मग हे चोरीचे तर नाही? परवान्यावर मालकाची सही-शिक्का कुठे? या सहीबाबत कायदाच बदललेला आहे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ३० मध्ये पूर्वी परवाना लेखी आणि सहीचा लागे. २०१२ च्या दुरुस्तीने सहीची अट गेली, लेखी असणे पुरे. जीपीएलचा मजकूर सॉफ्टवेअरसोबतच येतो. त्याची छापील प्रत रजिस्टरला टाचली की काम झाले. हे एका परिपत्रकाने सांगता येईल आणि त्याला खर्च कागदाचा.

दुसरा मुद्दा मात्र कागदावर निस्तरणारा नाही. तो विधी व न्याय विभागापुढे नेला पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे की हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत समजावा. कलम ३०-अ हेच नियम परवान्यांनाही लावते. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत मुदत लिहिलेली नाही. मग पाच वर्षे झाली की शाळेचा परवाना संपला का? तिसऱ्या आवृत्तीत, प्रताधिकार असेपर्यंत, असे स्वच्छ लिहिले आहे. आयपीएक्सईच्या बहुतेक फाइली ‘दुसरी किंवा पुढची कोणतीही आवृत्ती’ अशा असल्याने तिथे तिसरी निवडून मोकळे होता येते. लिनक्सचा कर्नल मात्र फक्त दुसऱ्याच आवृत्तीखाली आहे. माझ्या मते शाळेला धोका नाही : दुसऱ्या आवृत्तीचे सहावे कलम सांगते की प्रत हाती आली की मूळ लेखकाकडून परवाना आपोआप मिळतो, त्यामुळे नवी प्रत घेतली की नवा परवाना. वर्षातून एकदा अपडेट करणाऱ्याला पाच वर्षांची चिंता नको. पण मी वकील नाही, आणि ऑडिटच्या शेऱ्याला दुरुस्तीवाल्याचे मत चालत नाही. शासनाचे एक पानी मत सगळ्या शाळांना पुरेल.

चौथी ओळ विंडोजची. नेटवर्कवरून सुरू करायची हीच साधने वापरून एका संगणकाची हुबेहूब नक्कल वीस संगणकांवर एका दुपारीत उतरवता येते. क्लोनझिला, फॉग ही त्यासाठीची साधने जीपीएलखालची, वापर पूर्ण कायदेशीर. पण नक्कल कशाची? संगणकासोबत आलेली विंडोज त्या एका संगणकापुरती असते; तिची प्रतिमा सगळ्यांवर उतरवण्याचा हक्क व्हॉल्यूम लायसन्स घेतलेल्यालाच मिळतो. साधन फुकटचे म्हणून त्यातून नेलेला मालही फुकटचा होत नाही. अनेक कक्षांत हेच चालते आणि बसवून देणारा हसत सांगतो, ‘सर, टेन्शन घेऊ नका’. कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे जाणूनबुजून चोरीची प्रत संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकते, एवढाच दिलासा. दंडाची पावती फाटली तर ती बसवून देणाऱ्याच्या नावाने फाटेलच असे नाही. म्हणून नक्कल उतरवण्याआधी व्हॉल्यूम लायसन्सचा कागद दाखवावा, ही अट.

हे सगळे नवे, धाडसी वगैरे नाही. क्लोनझिला तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्राने तयार केले, आणि त्याच केंद्राने डिस्कशिवाय संगणक चालवण्याचे डीआरबीएलही दिले. केरळने आपल्या शाळांतले संगणक शिक्षण दीड दशकापूर्वीच मुक्त सॉफ्टवेअरवर नेले; तिथे काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली काढते. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत मिळतात. केंद्र सरकारचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ पासून आहे : निविदा मागवताना मुक्त पर्यायाचा विचार करायला सांगा, आणि पुरवठादाराने तो वगळला तर कारण लिहून घ्या. राज्यांनी ते स्वेच्छेने घ्यायचे आहे. निदान शालेय शिक्षण विभागाने संगणक खरेदीपुरते ते घ्यावे.

उद्या आपल्या खात्याने केरळसारखी एकच प्रतिमा तयार करून सगळ्या शाळांना वाटली, तर मात्र वितरक शासन स्वतः होईल, आणि सोर्स कोड देण्याची जबाबदारीही शासनाचीच. याला घाबरण्याचे कारण नाही. ज्या ठिकाणाहून प्रतिमा उतरवून घ्यायची, त्याच ठिकाणी कोडही तितक्याच सहज मिळेल अशी सोय केली, की जीपीएलचे समाधान होते. प्रत्येक जिल्ह्याच्या डाएट या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत एक सर्व्हर यासाठी पुरतो.

आयपीएक्सईचा इतिहास कंत्राटदारांच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९९० च्या दशकातल्या इथरबूटमधून जीपीएक्सई आले. २०१० मध्ये प्रकल्पाच्या वेबपत्त्याच्या मालकीवरून वाद झाला. प्रमुख लेखकाने नाव आणि पत्ता मागे सोडून तोच कोड आयपीएक्सई या नावाने पुढे नेला, आणि आज जगभर चालते ते हेच. कोड जीपीएलखाली नसता, तर पत्ता ज्याच्या हाती त्याच्याकडे सगळे राहिले असते. आमच्या पंचक्रोशीतल्या त्या शाळेत वेगळे काय घडले? परवाना हाच होता, फक्त शाळेला तो माहीत नव्हता आणि करारात त्याचे नाव नव्हते.

जुन्या संगणकांच्या निर्लेखनाचे आदेश काढण्याआधी त्यांतले किती डिस्कविना चालतील, याची तालुकावार तपासणी करून घ्यावी. त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. आणि नव्या खरेदीचा मसुदा निघेल तेव्हा या चार ओळी त्यात असाव्यात : परवान्यांची यादी, सोर्स कोड, पासवर्ड आणि विंडोजच्या नकलेचा कागद. परिपत्रक आणि कायदेशीर मत त्यानंतर महिनाभरात आले तरी चालेल. मसुद्यातल्या ओळी मात्र निविदा निघण्याआधीच याव्यात, कारण निविदा एकदा निघाली की पुढची पाच वर्षे तिच्यात काहीच बदलत नाही.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
देवळाली प्रवरा, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर

प्रत माहितीस्तव : मा. शिक्षणाधिकारी, माध्यमिक, जिल्हा परिषद, अहिल्यानगर